पाटलांकडचा पाहुणा

कचेरीबाहेर बसून मी लोकांचे असंख्य अर्ज लिहिले आहेत; त्यामुळे कोणत्याही प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर असते, असा माझा समज होता. सुट्टीच्या सकाळी शहरातल्या जुन्या गावठाणातून एकटाच हिंडत होतो. ओट्यावर लसूण सोलणाऱ्या आजींनी हटकले, “कुणाकडं आलात, भाऊ?”

तेथे अनोळखी माणूस कोणाचा तरी पाहुणाच असतो. ‘कोणाकडेच नाही’ असे सांगणे मला जमेना. “पाटलांकडे,” मी ठोकून दिले.

आजींनी लगेच समोरच्या दारात हाक मारली, “अगं सुमन, तुमच्याकडं पाव्हणं आलंय! चहा टाक!”

आत भांडे वाजले. क्षणभर तो चहा खरोखर माझाच होता. मग मी झपाट्याने हमरस्त्यावर आलो. तेथील गर्दीत मला कोणीही काही विचारले नाही.