नावडती भाजी

कोणतीही भाजी हातात आली की काकू आधी तिचं टोक मोडायच्या. टच्च आवाज आला तर घ्यायची, नाही तर परत ठेवायची. शेलूबाजारच्या आठवडी बाजारात जन्मभर त्यांनी भेंड्या अशाच घेतल्या. "मोडल्याशिवाय कवळी हाय का जून, कसं समजन?" हे त्यांचं ठरलेलं. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. मी ही बाई पाहिली ती मात्र जर्मनीत.

मी मंगरूळपीरची, नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडच्या एका लहानशा गावात राहणारी. काकू इंझोरीच्या. त्यांची लेक आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. तिला मुलगी झाली आणि काकू तीन महिन्यांसाठी बाळंतपण करायला आल्या. बाळ गोडच होतं. लेक मात्र मिटून गेली होती. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची, दोन घास खाऊन ताट सारायची. डॉक्टरांचं औषध सुरू होतं. वेळ लागेल म्हणाले. काकूंकडे वेळच तेवढा मोजका होता. मला एकदा जिन्यात म्हणाल्या, "रडतबी नाई वं पोट्टी. रडली असती तं बरं झालं असतं."

दर शनिवारी चौकात बाजार भरायचा. मी त्यांना घेऊन जायची, आणि खरं सांगते, पहिल्या दिवशी लाजेनं मी चार पावलं लांबच उभी होते. तिकडे भाजीला हात लावायचा नसतो. बोट दाखवायचं आणि देतील ते मुकाट्यानं घ्यायचं. काकूंनी सरळ शतावरीचा पांढरा जाडजूड कोंब उचलला आणि शेंडा मोडला. त्या कोंबांसाठी तिथले लोक वर्षभर डोळे लावून बसतात, आणि शेंडा म्हणजे त्यातला खरा मेवा. भाजीवाली लालबुंद झाली. मी माफी मागतेय तोवर काकूंनी दुसरा मोडला, दोन्ही तुकडे तिच्या नाकापुढे धरले आणि चक्क वऱ्हाडीत सांगितलं की हा आजचा हाय आणि हा कालचा. भाजीवालीनं दोन्ही निरखले. मग मागे वळून नवऱ्याला जे काही झापलं, ते मी इथे लिहीत नाही. शिळा माल त्यानं ताज्यात मिसळला होता.

मी थक्क झाले. सहा वर्षं मी तिथे राहत होते, तिथली भाषा बोलत होते, आणि तिथल्या भाजीनं मला आजवर काही म्हणून सांगितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारपासून त्या ठेल्यावर हात लावायची मुभा फक्त काकूंना. मला नाही.

काकू लेकीच्या आवडीचं शोधायच्या. वांगी मिळाली, भरून केली. पालक, बरबटीच्या म्हणजे चवळीच्या शेंगा, सगळं झालं. सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, समजून एकदा कसलीशी जुडी उचलली, हुंगली आणि ठेवून दिली. "रूप सांबाराचं, वास काईच नाई." लेक प्रत्येक भाजीला "छान झाली" म्हणायची आणि ताट सारायची. परत जायला पंधरा दिवस उरले. त्या शनिवारी काकू पहिल्यांदाच रिकामी पिशवी घेऊन बाजारभर नुसत्या हिंडल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग एकदम थांबल्या. शेपूचा वास आला होता. मी म्हटलं, घ्या की, छान आहे.

"तिले शेपू बिलकूल आवडत नाई," काकू म्हणाल्या. "घरात शिजली तं शेजारी जाऊन बसे." आणि दोन मोठ्या जुड्या घेतल्या.

मग कायले घेता, असं मी विचारलं. त्या जुड्या पिशवीत भरायला लागल्या होत्या.

घरी येऊन त्यांनी भरपूर लसूण ठेचला, मूगडाळ घातली आणि स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. मी बाळाला घेऊन बसले होते. तिकडे फोडणी दिली की आपण आधी खिडकी उघडतो. ही बाई लावून काय घेतेय, मला कळेना. वास घरभर झाला. आत पलंग वाजला. दार उघडून लेक बाहेर आली, केस विस्कटलेले, नाकाला ओढणी.

"आई, तुले माहीत नाई का मले शेपू आवडत नाई? मंग कायले केली? सारं घर घाणलं. मले एका शब्दानं इचाराचं तं होतं."

ती बोलतच राहिली. दोन महिन्यांचं सगळं त्या शेपूवर काढलं. भांडता भांडता ती हमसून हमसून रडायला लागली. माझ्या मांडीवर बाळानंही सूर लावला. काकू पाठमोऱ्या उभ्या राहून कढई ढवळत होत्या. त्या का वळत नाहीत ते मला त्यांचे खांदे हलताना दिसले तेव्हा समजलं.

मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"मंग काय खाशीन?"

लेक नाक ओढत म्हणाली, "बेसन-भाकर कर. तिखट."

काकूंनी डबा काढला. घाईत अर्धं पीठ ओट्यावर सांडलं.