वेणूची डावी कूस

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही. देवापुढे? — तिथंही नाही, उगाच खोटं कशाला सांगू?

पातूरच्या आमच्या घरी सासू नव्हती. हे शाळामास्तर, आणि परकर नेसायच्या वयाची नणंद वेणू माझ्या हाताखाली. दिवाळीच्या पहाटे तिला तेल लावताना डाव्या कुशीत, बरगडीखाली काहीतरी फुगीर लागलं. दाबलं तशी ती कळवळली.

"वहिनी, तिथं लय दुखून राह्यलं. दादाले सांगू काय?"

भाऊबीजेला माझा भाऊ अकोटहून न्यायला येणार होता. लग्नानंतर पहिल्यांदाच. पोर आजारी म्हटल्यावर मला कोण पाठवणार? — आलं ना लक्षात?

"वायगोळा असन," मी म्हटलं. "मी आली का सांगू. तोवर कोनाले बोलू नको."

माहेरी मी मजेत राहिले. हो, मजेतच. परत आले तेव्हा गाठ वाढली होती. तेव्हा तरी बोलायचं — पण यांनी विचारलं असतं, कधीपासून? म्हणून गप्प. रोज तिचे केस विंचरायची, अन् कुशीकडे बघायची नाही.

होळीच्या सुमारास ती तापानं फणफणली, तेव्हा अकोल्याला नेली. सिव्हिल सर्जननं कूस चिरून मूत्रपिंडाभोवतीच्या पाण्याच्या गाठी काढल्या. मूत्रपिंड नासलं होतं, तेही काढावं लागलं. लवकर आणली असती तर वाचलं असतं, म्हणाला.

"तुले कसं समजलं नाही?" यांनी मला विचारलं.

"पोरीनं सांगतलंच नाही," मी म्हटलं.

वेणू खाटेवर जागी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चुकलं, दादा."

चिरफाड झालेल्या पोरीला स्थळ कोण आणतो? ती आमच्याकडेच राहिली. यांचा तिच्यावरचा राग शेवटपर्यंत गेला नाही. 'तेव्हाच सांगाले पायजे होतं,' असं येता-जाता म्हणायचे, आणि मी ताट वाढत असायची.

हे गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. समोरासमोर जेवायचं, एका खोलीत निजायचं. कितीदा तोंड उघडलं — आणि भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारलं. भित्री होते मी. आता तीही गेली. घर खायला उठतं.

तिला एकदा म्हणायला हवं होतं — वेणू, तू सांगितलं होतंस. मी म्हटलं नाही.