बुरशीबाई आणि माझं खुरपं

साल २०१९. मी एकाहत्तर वर्षांचा, आणि अख्ख्या कोपरखैरण्यात मला तोंडावर चुकीचं ठरवणारी एकच बाई होती. मूळची मराठवाड्याची, आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. निवृत्त होईपर्यंत कुठल्याशा शेतीशाळेत माती तपासायच्या खोलीत कामाला होती. नाव घ्यायची माझी इच्छा नव्हती. मी तिला बुरशीबाई म्हणायचो.

आमची शेतं या शहराखाली गेली. उरलं ते आईच्या हातचं वांग्याचं बियाणं. सोसायटीच्या भिंतीलगत दोन वाफे करून तेवढं मी जगवत होतो. शाळा चौथीत सुटली, पण वांगं मला कुणी शिकवायचं नाही.

एका वाफ्यातली झाडं माना टाकायला लागली. पानांखाली माव्याची बारीक कीड. मी तंबाखूचं पाणी मारत होतो. बाई आली, न विचारता एक झाड उपटलं, नखाने खोड उभं चिरलं. आत तपकिरी रेघ.

"माव्याला कशाला मारता, दादा? रोग मुळात हाय. मातीतल्या बुरशीनं झाड आतून धरलंय. आजारी झाडाचा वास बदलतो, मग मावा येतो. तो नुसता पाहुणा."

"पाव्हना हाय तं तुझे घरी ने," मी म्हणालो.

वाफ्यातून निघताना ती नळाखाली चपला धुवायची. दरवेळी. माझं डोकं फिरलं.

"माझे मातीचा विटाल होतो काय तुला?"

"विटाळ हा तुमच्याकडचा शब्द, दादा. आमच्या लोकांनी लई ऐकला. मी बुरशी धुतेय. तुमी खुरपं धुवा, नाहीतर चांगला वाफाबी जाईल."

तिच्या डोळ्यांदेखत मी आजारी वाफ्यातलं, मातीने माखलेलं खुरपं तसंच चांगल्या वाफ्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी त्या वाफ्यातलं, बियाण्याला राखलेलं, पिकून पिवळं झालेलं वांगं गायब. तोडताना वॉचमनने तिला पाहिलं होतं. खाली उभा राहून मी सगळ्या सोसायटीसमोर तिला चोर म्हणालो. वरून एवढंच आलं, "घसा बसंल, दादा." खिडकी बंद.

महिन्याभरात तो वाफाही आडवा झाला. त्यानंतर धरलेलं एकही वांगं पिकेपर्यंत टिकलं नाही. आईचं बियाणं माझ्या हाताने संपलं. बाई येऊन टोमणा मारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिने मारला नाही. त्याचाच राग जास्त आला.

मग बाईची मुलगी तिला ऐरोलीला राहायला घेऊन गेली. सामानाचा टेम्पो निघाला त्या संध्याकाळी माझ्या दारात रंगाची जुनी बादली होती. आत वांग्याची पाच रोपं आणि चिठ्ठी: "तुमच्याच वांग्याची रोपं. माती कढईत भाजून घेतलीय. खुरपं धुवा."

फोन मी केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलंभर पाणी उकळलं, खुरपं त्यात बुडवलं, आणि बादलीला हात लावण्याआधी नळाखाली चपला धुतल्या.