कोपऱ्यातला ढिला दोरा

कुडवा गावात कोणाकडेही लग्न निघालं, की रुखवताची चादर दुलारी भरणार हे ठरलेलंच. साखळी टाका म्हणा, काश्मिरी टाका म्हणा, तिच्या कामाची मागची बाजूही पुढच्यासारखी साफ. गाठ शोधून सापडायची नाही. आणि यंदा नणंदेच्या पोरीचं, भूमिकाचं लग्न निघालं, तर चादर गेली धाकट्या जावेकडे, रविताकडे. तिला सुई धरायला शिकवली ती दुलारीनंच.

रविता मोबाइलवर पाहून जपानी भरतकाम शिकली होती. साशिको म्हणतात त्याला. निळ्या कापडावर जाड पांढरा दोरा, तांदळाच्या दाण्याएवढे एकसारखे टाके आणि त्यांतून उठणाऱ्या लाटा. शेजारच्या बाया मुद्दाम पाहायला येत, आणि दुलारीच्या अंगाचा तिळपापड होई.

"आपला धावदोराच तं होय," ती म्हणे. "कायले एवढं कौतुक करून राहिल्या?"

पण एका दुपारी दार लावून तिनंही तशी लाट भरून पाहिली होती. ती जमली नव्हती.

काठ शिवायला चादर दुलारीच्या मशीनवर आली. तिनं आधी उलटी करून पाहिली आणि तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. प्रत्येक वळणावर दोरा ढिला सोडलेला, बारीक फासे लोंबत होते. काय हे गबाळं काम! तिनं सुईच्या टोकानं एकेक फासा ओढून घट्ट केला आणि वरून इस्त्री फिरवली. रुखवत मांडताना चारचौघींत सांगायचं होतं, मीच निस्तरलं म्हणून.

घरी नेऊन रवितानं पेन्सिलच्या खुणा जाव्यात म्हणून चादर धुतली. वाळली तेव्हा साऱ्या लाटा आक्रसल्या होत्या, कापडभर चुण्या. रुखवताच्या खोलीत बाया गोळा झाल्या.

"असं काऊन झालं?" नणंदेनं विचारलं.

रवितानं चादर उलटवली. मग दुलारीकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"वळणावर दोरा ढिला ठेवा लागते, नाही तं कापड आवळते," ती म्हणाली. "माह्याच हातून ओढल्या गेला."

बाया तिचीच समजूत घालू लागल्या. भूमिकानं तीच चादर मधोमध मांडायला लावली. दुलारीचं ठरवून ठेवलेलं वाक्य ओठातच राहिलं.

टाक्याचा हेवा तिनं एखादवेळी गिळलाही असता. पण त्या दिवशी रवितानं तिला झाकून घेतलं, हे मात्र तिनं अजून माफ केलेलं नाही.