सतरा नंबरचा ठसा

माझी थोरली बहीण हट्टी होती, असं लोक म्हणतात. हट्टी कसली, महाहट्टी! तीस वर्षं एका खोलीत तिच्याबरोबर काढलीत, मला विचारा. एकदा तिच्या लग्नाचं बोलायला एक जण येणार होता. तो वीस मिनिटं उशिरा आला, तोवर ही डबा घेऊन कामावर निघूनही गेली होती. चहा मी पाजला. भला माणूस बिचारा, दोन कप प्यायला.

आम्ही दोघी घड्याळाच्या कारखान्यात होतो. ताई तपासणीत, मी पॅकिंगमध्ये. आमचं घड्याळ किल्लीचं, गजराचं, डोक्यावर दोन घंटा असलेलं. आजोबांच्या काळी घड्याळ ही बड्या घरची वस्तू. एक कारागीर एकेक चाक कानशीने घासून बसवायचा, आणि एका घड्याळाचं चाक दुसऱ्यात चालायचं नाही. मग पितळेच्या पत्र्यातून चाकं कापून काढणारी यंत्रं आली. हजार चाकं, हजारही सारखी, कुठलंही कुठेही बसवा. तेव्हा कुठे घड्याळ मजुराच्या फळीवर येऊन बसलं. ताईला याचा भारी अभिमान, जसं काही ती यंत्रं हिनेच आणली होती.

चाकं सारखी असली तरी स्प्रिंग लबाड असते. म्हणून आमच्याकडे चोवीस तासांची चाचणी होती. किल्ली पूर्ण द्यायची, घड्याळ फळीवर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघायचं. "पोट भरलेलं असलं की कुणीही शहाण्यासारखं वागतं," ताई म्हणायची. "किल्ली उतरून उपाशी झालं की कसं वागतं ते बघावं." पास झालेल्या घड्याळाच्या मागच्या झाकणाला आतून तपासणारीचा नंबर ठोकत. बोटाएवढा पोलादी ठसा, हातोडीचा एक ठोका. ताईचा नंबर सतरा. गिऱ्हाइकाला तो दिसत नसे, पण दुकानदार झाकण उघडून सतराच शोधायचे.

मग सेलवरची घड्याळं आली. हलकी, स्वस्त, किल्लीची कटकट नाही. आमचा माल दुकानात धूळ खाऊ लागला. तो स्वस्त करायला नवे साहेब आले. त्यांनी स्प्रिंग हलक्यातली घेतली आणि चाचणी दोन तासांवर आणली.

"दोन तासांत काय कळणार?" ताईने सगळ्यांसमोर विचारलं.

"बाई, घरगुती घड्याळ आहे. चार मिनिटं इकडेतिकडे झाली तर आभाळ कोसळणार आहे का?"

"तुमच्या घरी किती घड्याळं आहेत, साहेब?"

"असतील सात-आठ."

"हे घेणारीच्या घरी एकच असतं. पहाटे तेच तिला उठवतं. नाही उठवलं तर खाडा तिचा पडतो, तुमचा नाही."

साहेबांचं तोंड लाल झालं. "ठसा मारा, नाहीतर ठसा परत करा."

ताई उठली. ग्राइंडर चालू केला, ठशाचं टोक त्यावर धरलं आणि सतरा पार घासून टाकला. उरलेला गुळगुळीत तुकडा साहेबांच्या हातावर ठेवला. "घ्या. परत केला."

तिला त्याच दिवशी घरी बसवलं आणि चौकशी लावली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर नवा कोरा ठसा होता. आकडा सतराच.

"चौकशीपर्यंत हा तुम्ही चालवा," ते म्हणाले. "दोन तासांनी काही बिघडत नाही हे दिसलं, की बहिणीला समज देऊन परत घेऊ."

मी हो म्हटलं. तिची नोकरी वाचावी हे खरंच, पण खोटं कशाला बोलू, मला तिचा रागही आला होता. हिनेच तेवढी शहाणी असायचं आणि आम्ही सगळ्या मूर्ख? चार दिवस मी सतरा ठोकला. ताईला कळलं होतंच, अशा गोष्टी लपतात थोड्याच. ती मला वाढायची, पाणी द्यायची, पण एक अक्षर बोलायची नाही. त्यापेक्षा तिने मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी बघते तर आदल्या दिवशीची आठ घड्याळं न्यायची राहून फळीवरच पडलेली. आठांतली तीन मागे पडली होती. एक तर बेचाळीस मिनिटं. झाकणं उघडली, तिन्हींत माझा सतरा. आणि तरीही त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी ठोकतच राहिले. घाबरले होते, दुसरं काय.

चौकशीला मोठ्या ऑफिसातून एक अधिकारी आले होते. साहेबांनी मला साक्षीदार म्हणून उभं केलं. ताई समोरच्या बाकावर होती.

"दोन तासांच्या चाचणीवर तुम्ही ठसा मारलात ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "काही तक्रार?"

"मारला," मी म्हटलं. "चारशे बारा घड्याळांवर मारला. बहिणीच्या नंबराने चारशे बारा घरांना फसवलं. तीन तर मी स्वतः मागे पडलेली पाहिली. लिहून घ्या."

लेखनिकाने खरंच लिहून घेतलं. अर्ध्या तासात आम्ही दोघी फाटकाबाहेर होतो, कायमच्या. मी रडत होते. ताई म्हणाली, "चार दिवसांत चारशे बारा? मला दिवसाला साठच व्हायची." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "रडून स्प्रिंग बदलत नाही. चल."

आठवड्याच्या आत तिने कारखान्याच्या फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला टेबल टाकलं. वर बोर्ड लावला: 'सतरा नंबरची घड्याळं फुकट दुरुस्त होतील.' पहिल्याच दिवशी कारखान्याचा वॉचमन आला.

"साहेब म्हणतात बोर्ड काढा. कारखान्याची बदनामी होते."

"बदनामी झाकणाच्या आत आहे," ताई म्हणाली. "मी फक्त झाकण उघडते. जा, सांग तसं."

बोर्ड राहिला. घड्याळं येऊ लागली. नव्या ठशातला सात जरा वाकडा होता, त्यामुळे माझं पाप लगेच ओळखू यायचं. ताई झाकण उघडायची आणि घड्याळ माझ्याकडे सरकवायची. "ठोकलंस तू, निस्तर तू." मोडीतल्या जुन्या घड्याळांतून चांगल्या स्प्रिंगा काढून मी बसवायचे. पुरे चोवीस तास नीट चाललं की ताई टोच्याने तो वाकडा सतरा खोडायची आणि शेजारी स्वतःच्या हाताने दुसरा कोरायची. तिने मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. पण एकही घड्याळ तिने चोवीस तासांच्या आधी सोडलं नाही, आणि मलाही सोडू दिलं नाही.

पुढे कारखाना बंद पडला. साहेब कुठे गेले, देव जाणे. दोन वर्षांपूर्वी ताईही गेली. आता टोच्या माझ्या हातात आहे. परवा शेजारचा चांभार म्हणाला, "मावशी, किल्लीची घड्याळं आता वापरतं कोण? काढा की तो बोर्ड."

दोनशे त्रेसष्ट आली आहेत. एकशे एकोणपन्नास अजून कुणाच्या तरी घरात खोटं बोलत बसली आहेत. ती आल्याशिवाय बोर्ड उतरणार नाही. ज्याला उतरवायचा असेल त्याने यावं, मी इथेच बसले आहे.