चॉकलेटच्या कारखान्यात पानी

इटलीत आम्ही तीन आठवडे होतो, पण तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या मावला गावातल्या आमच्या घरी कोणी आलं की विषय निघतो चॉकलेटच्या कारखान्यातल्या त्या एकाच दिवसाचा. मी एक किस्सा सांगायला घेते, सासूबाई मधेच दुसरा काढतात, आणि पाहुण्यांचा चहा थंड होतो.

नवऱ्याचं, रवीचं, मिलानला ऑफिसचं काम होतं, म्हणून आम्ही गेलो. माझ्या जिवाला मात्र वेगळाच घोर होता. आमचा मुलगा निहाल तीन वर्षांचा व्हायला आला तरी एक शब्द बोलत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, "घरात मराठी, अंगणवाडीत तेलुगू, शेजारी हिंदी, कार्टून इंग्लिश. कोणती घ्यावी ते ठरवून राह्यला असंल तो." आणि मी शहाणी, त्याला पाचवी भाषा ऐकवायला घेऊन निघाले.

*

आत शिरताना नियम कळला: अंगावरचे दागिने काढायचे. सासूबाईंनी हात पदराआड घेतले. "चॉकलेटसाठी बांगड्या काढू? तुजे सासरे घरी बसून हायेत ना धडधाकट."

गाइडबाईला सासरे कसे समजवायचे? रवीने हातवारे केले. ते पाहून तिला वाटलं, सासूबाईंचे हात दुखतात. तिने हळुवारपणे दोन्ही हातांवर कोपरापर्यंत प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि टेप लावला. बांगड्या आतच राहिल्या. ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे हात वर धरून सासूबाई अख्खा कारखाना फिरल्या.

*

भाजलेले कोकोचे दाणे चाखायला दिले. सासूबाईंनी एक चावला आणि माझ्या कानाशी आल्या. "जळालेले चिंचोके हायेत. सांगू नको तिला, वाईट वाटंल."

*

मग कँटीन. सासूबाईंना तहान लागली. काउंटरवरच्या माणसाला त्या म्हणाल्या, "पानी." त्याने हसून पावाची टोपली ठेवली. त्या जरा मोठ्याने म्हणाल्या, "पानी!" दुसरी टोपली आली.

"काऊन रे रवी, हे लोक पानी चावून पेतात काय?"

रवीने मोबाइलवर पाहिलं. तिकडे पावाला जवळजवळ तसंच म्हणतात.

मी बी.एड. घरात सगळ्यांना 'पाणी' म्हणायला लावणारी मी. निहालच्या कानावर शुद्धच पडलं पाहिजे, म्हणून. मोठ्या ऐटीत पुढे झाले, पण घसा असा सुकलेला की तोंडातून निघालं, "पानी."

तिसरी टोपली आली.

*

सासूबाईंचा एक साधा हिशेब आहे. ज्याला मराठी येत नाही, त्याला तेलुगू येतं. कारखान्याच्या दुकानात त्यांनी एक डबा उचलला आणि विचारलं, "एंता?" म्हणजे, केवढ्याला?

बाई म्हणाली, "वेंती." म्हणजे वीस, हे मला नंतर कळलं.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "पाह्य, येतं हिला. जरा अडखळते, पन येतं."

*

शेवटी लहान मुलांना साच्यात चॉकलेट ओतू देतात. निहालने एक वाकडं फूल बनवलं. गाइडबाईने ते त्याच्या हातात दिलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मामा! मामा!"

तिकडे आईला मामा म्हणतात, असं रवी पुटपुटला. पण निहालने आधी दाराकडे पाहिलं, मग टेबलाखाली.

"याचा मामा तर तिकडं बोथ गावाला हाये," सासूबाई म्हणाल्या. "इथं कुठून येईल?"

बाईने परत माझ्याकडे बोट केलं. "मामा!"

निहालने तिच्या बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कपाळाला आठी घातली. माझी ओढणी घट्ट धरली आणि बाईला स्पष्ट सांगितलं,

"मामा नाई."

मग त्याने स्वतःच माझ्याकडे बोट केलं.

"आई."

मी तिथेच मटकन खाली बसले आणि रडायला लागले. बाई घाबरली. तिकडे काही लागलं, दुखलं की लोक 'आई' असंच ओरडतात, हे मला नंतर कळलं. मूल 'आई' म्हणून राहिलं आहे, त्याची आई रडून राहिली आहे, म्हणजे पोराला लागलंच असणार. ती धावत जाऊन बर्फ घेऊन आली आणि निहालची बोटं एकेक करून तपासू लागली.

रवी सांगायला पुढे झाला, तर सासूबाईंनी पिशवीतला हात आडवा घातला. "राहू दे."

"आई," निहाल परत म्हणाला.

बाईने दुसऱ्या बोटावरही बर्फ ठेवला.