माझ्या हातचे पाच मोदक

काकूंनी माझ्या हातातली उकड काढून घेतली. हळूच, हसत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

लंडनच्या पिनर भागातलं त्यांचं घर. गणपती बसले होते. चार बायका ओट्याभोवती मोदक वळत होत्या, त्यांच्यात मीही उभी होते. आमच्याकडे गणपती बसवत नाहीत, आम्ही बौद्ध. पण वर्षभर एजवेअरच्या एका खोलीत एकटीने काढल्यावर चार जणींच्या मराठी गप्पांत उभं राहायला मिळणं, एवढंच मला खूप होतं. कळ्या पाडायला मी व्हिडिओ बघून शिकले होते. पाच मोदक झाले. पाचवा बरा जमला.

एकीने सहज विचारलं, "आडनाव काय गं तुझं? मंडळाच्या ग्रुपवर नुसतं नावच दिसतं."

मी सांगितलं.

"म्हणजे मूळचे कुठले?"

लातूरकडचे, म्हटलं. गप्पा थांबल्या नाहीत. जरा पातळ झाल्या. तेव्हाच काकूंनी ती उकड घेतली. "राहू दे बाळा. तू बाहेर बस, भाषण पाठ कर. नैवेद्याचं आहे ना आज."

थोड्या वेळाने पाणी प्यायला आत गेले. माझे पाचही मोदक सिंकजवळच्या फूड वेस्टच्या डब्यात होते. केळ्याच्या सालींवर. आधी वाटलं, वाकडे झाले म्हणून टाकले असतील. खरंच तसं वाटलं. मग ताटातले बाकीचे मोदक पाहिले. त्यातही वाकडे होते.

बाहेरच्या खोलीत शनिवारच्या कार्यक्रमाची तालीम होती. वेम्बलीच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा गणेशोत्सव, आणि यंदाचा विषय वर्णभेद. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या नेत्याचं ते स्वप्नाचं भाषण मी मराठीत म्हणणार होते. अनुवाद माझाच. प्रबंध सांभाळून तीन महिने केलेला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अर्धं कळलंच नव्हतं. डिक्शनरी घेऊन वाचलं आणि बाबांना सांगितलं. बाबा नगरपालिकेत व्हॉल्व्हमन आहेत, गावाला पाणी सोडतात. त्यांनी विचारलं होतं, "हा माणूस आपल्यातला का?" मी हो म्हटलं होतं.

काका डॉक्टर. तालमीला आलेल्यांना ते आपला अनुभव सांगत होते. हॉस्पिटलातले पहिले दिवस. नाडी बघायला हात पुढे केला, तर एका म्हाताऱ्या गोऱ्या पेशंटने आपला हात ओढून घेतला. म्हणाला, "नॉट यू." काका म्हणाले, तीस वर्षं झाली, पण तो ओढून घेतलेला हात विसरता येत नाही. त्यांचे डोळे भरले होते. ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

मग त्यांनी मला सुरुवात करायला सांगितलं. मी उभी राहिले. पहिली ओळ पाठ होती. ती आली नाही. दुसरंच आलं.

"काका, माझे मोदक डब्यात टाकलेत."

त्यांना कळलं नाही. काकू दारात आल्या. "अगं, देवाचं असतं म्हणून. आम्ही तसलं काही मानत नाही. तुला घरात घेतलंच ना?"

घेतलंच ना.

मी काकांकडे पाहिलं. मला वाटलं, त्यांना तरी कळेल. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे बघ, तो रेसिझम होता. हे घरातलं आहे. दोन्ही मिक्स करू नकोस. शनिवारी कौन्सिलचे लोक येतायत, त्यांच्यासमोर हे काढू नकोस म्हणजे झालं. भाषण तुझंच आहे."

म्हणजे फक्त गप्प राहायचं होतं. शनिवारी कार्यक्रम लाइव्ह दिसणार होता. आमच्या वस्तीतल्या विहारात पडदा लावायचं ठरलं होतं. बाबांनी पाळी बदलून घेतली होती. गप्प राहायची मला सवय आहे. वसतिगृहात गप्प राहिले, वर्गात राहिले. त्या दिवशी जमलं नाही.

"मग मी भाषण नाही म्हणणार."

आवाज बारीकच निघाला. काका म्हणाले, ठीक आहे, दुसरं कोणी वाचेल, अनुवाद ग्रुपवर आहेच. तेव्हा मात्र आवाज नीट लागला. "अनुवाद माझा आहे. तो कोणी वाचायचा नाही."

मी निघाले. कोणी अडवलं नाही. ट्रेनने हॅरोला उतरून बस घेतली. शेजारची सीट एजवेअरपर्यंत रिकामी राहिली. एरवी मी त्याची कारणं शोधत बसते. त्या दिवशी शोधली नाहीत.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "परक्या मुलखात तेवढीच माणसं आहेत तुला. माफी मागून टाक." ती घाबरली होती. तिचा राग आला नाही. पण त्यानंतर बोलायला कोणी उरलं नाही.

गुरुवारी दुपारी काकूंचा मेसेज आला. राग सोड बाळा, शनिवारी ये, सगळे विचारतात. मी लायब्ररीत होते. उत्तर चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन वेळा त्यात 'सॉरी' होतं. चौथ्यांदा नव्हतं.

"काकू, मला तुमचा देव नको आहे. पण माझा हात लागलेलं तुम्ही टाकून देणार असाल, तर माझ्या तोंडचं भाषणही तुम्हाला मिळणार नाही. मी का आले नाही, असं जो विचारेल त्याला मी खरं सांगेन. मराठीत आणि इंग्रजीतही."

दोन निळ्या खुणा लगेच दिसल्या.

आज शनिवार. तो मेसेज अजून पुसता येतो. मी पुसणार नाही.